अक्रोडाच्या पलंगावरची दुसरी उशी

माझ्या सुनेला एक खोड आहे. रिकामी जागा दिसली की तिचे हात शिवशिवतात.

ओर्नेल्ला तिचं नाव. तोरिनो शहरातली. लग्न होऊन आली तेव्हा आमचा गोठा रिकामा होता, तिथे तिने पाहुण्यांचं जेवणघर केलं. माळ्यावर आम्ही कांदे वाळवायचो, तिथे दोन न्हाणीघरं काढली. जुन्या पिंपांची टेबलं केली. शहरातली माणसं येतात, त्या पिंपांवर कोपरं टेकून वाइन पितात आणि म्हणतात, अहाहा, किती शांतता!

शांतता असणारच. बोलणारी सगळी दफनभूमीत गेली.

ते सगळं मी सोसलं. पण एक दिवस बाईसाहेबांना वरची, कोपऱ्यातली खोली रिकामी दिसली.

ती खोली रिकामी नव्हती.

आता मी जे सांगते ते खरं आहे. माझी शाळा तिसरीपर्यंत. गोष्टी रचायला फुरसत लागते, ती मला या जन्मात मिळाली नाही. आल्बा शहराच्या वरच्या टेकड्यांवर सान दोनातोची वाडी आहे, तिथे आमचं घर आणि आमचा द्राक्षमळा. दोन वर्षांपूर्वीची, दोन नोव्हेंबरची सकाळ. शनिवार होता. धुकं एवढं की अंगणातली विहीर दिसत नव्हती.

दोन नोव्हेंबर म्हणजे मेलेल्यांचा दिवस. त्या दिवशी मेलेली माणसं घरी येतात.

येतात म्हणजे येतात. त्यात विचारण्यासारखं काय आहे?

आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघरात उकडलेले चेस्टनट आणि भांडंभर पाणी ठेवायचं. लांबून चालत आलेली असतात, तहान लागते. पहाटे पाचला पहिली घंटा झाली की घरातल्या प्रत्येकाने अंथरूण सोडायचं. आजारी असो, बाळंतीण असो. धुतलेल्या चादरी घालून पलंग तयार करायचे आणि घर मोकळं करून बाहेर पडायचं. आधी चर्चमध्ये मिस्सा, मग दफनभूमी. तोवर मेलेली माणसं आपापल्या पलंगावर अंग टाकतात. वर्षातून तेवढीच झोप त्यांना. साडेदहाला परतीची घंटा होते, ती त्यांच्यासाठी. मग आपण घरी यायचं, आणि आपल्याच घराचं दार तीनदा वाजवून आत शिरायचं. कोणाला उठून कपडे नीट करायला वेळ नको?

वरच्या खोलीत अक्रोडाच्या लाकडाचा रुंद पलंग आहे. माझा नवरा औगुस्तो त्याच पलंगावर गेला.

आणि त्याच पलंगावर त्याची पहिली बायकोही गेली होती. आर्मिदा.

हो, मला बिजवराला दिली होती. वीस वर्षांची होते. आई म्हणाली, "नशीबवान आहेस सेकोंदिना, सवत आहे पण भांडायला उरलेली नाही."

आईला काय कळत होतं? जिवंत सवतीच्या झिंज्या तरी धरता येतात.

एक्केचाळीस वर्षं औगुस्तो माझ्या शेजारी झोपला. तो पार डाव्या कडेला, मी उजव्या. मध्ये एका माणसाची जागा मोकळी.

एकदा मी विचारलं, "एवढी जागा कोणासाठी राखलीय?"

तो म्हणाला, "झोप, दीना. उद्या छाटणी आहे."

दीना मला फक्त तोच म्हणायचा. तेवढाच काय तो लाड.

तो गेला त्या वर्षी, मेलेल्यांच्या सकाळी, मी पलंग तयार केला. सवयीने दोन उशा ठेवल्या. एक डाव्या कडेला, एक उजव्या. दफनभूमीतून परत आले, दार वाजवलं, वर गेले.

दोन्ही उशा पलंगाच्या मधोमध होत्या...

एकमेकींना चिकटलेल्या. दोन्हींवर डोक्याचा खळगा.

माझ्यापासून हातभर लांब झोपलेला माणूस!

पुढच्या वर्षी मी एकच उशी ठेवली. उजव्या अर्ध्या भागात, चादरीखाली, द्राक्षवेलीच्या छाटलेल्या काटक्या अंथरल्या. चांगल्या जाड, गाठींसकट. आता झोप म्हटलं, राणी.

परत आले तर... खिडकीजवळची वेताची खुर्ची पलंगाला लागून होती. पलंगाकडे तोंड करून.

बसली होती बाई. त्याला झोपलेलं बघत.

सतरा वर्षं मी तिला त्या खुर्चीवर बसवलं. दरवर्षी एक उशी, दरवर्षी काटक्या. मला एकदाही वाईट वाटलं नाही. कारण मी मेले की ती दुसरी उशी माझी. एक्केचाळीस वर्षं त्या घरात राबून मिळवलेली. मेल्यावर तरी मला त्याच्या शेजारी झोपायचं होतं, मध्ये जागा न सोडता. त्यासाठी मी काटक्याच काय, नांगर घालून ठेवला असता.

आणि ही ओर्नेल्ला! मी डोळे दाखवायला आल्बाला गेले आणि इकडे हिने खोली पाहुण्यांना देऊन टाकली.

घरी येऊन बघते तर पलंगावर चार उशा. पलंगाखाली ठेवलेली माझी काटक्यांची मोळी हिने चुलीत घातलेली. वेताची खुर्ची बाहेर, जिन्याच्या वर, आणि तिच्यावर लॅव्हेंडरची कुंडी. शोभेला म्हणे.

"ओर्नेल्ला, वर कोण आहे?"

"पाहुणे आहेत, आई. बाकीच्या खोल्यांत नळांचं काम निघालंय ना, म्हणून ती दिली. चारच दिवस."

"चार दिवसांत दोन तारीख येते."

"येऊ दे की. दरवर्षी येते."

"त्या दिवशी तो पलंग औगुस्तोला लागतो."

"मग बाबांना आमच्या खोलीत झोपवा ना," असं म्हणाली ती, मान वर न करता. "आमची गादी नवीन आहे."

माझा मुलगा ओत्ताविओ शेजारीच उभा होता. हसला. बायकोने विनोद केला की तो हसतो, मग तो बापावर का असेना.

पाहुणे म्हणजे नवराबायको. लांबच्या बेर्गामो शहराचे. तो रायमोंदो, दातांचा डॉक्टर, नुकतंच काम सोडलेलं. ती निवेस, गोरी, गुबगुबीत, सारखी आभार मानणारी. लग्नाला एकतीस वर्षं झाली म्हणून सुट्टीला आलेली.

त्यांची सुट्टी म्हणजे काय सांगू! सकाळी दहाला उठायचं. नाश्ता बारापर्यंत. मग मळ्यात फिरायचं, हातात हात घालून. वेलीवर मागे राहिलेला एखादा घोस दिसला की एकाने फांदी धरायची, एकाने तोडायचं. एक घोस तोडायला दोन माणसं! मग जेवण. एक बाटली तीन तास पुरवायची. मग झोप. मग उठून विचारायचं, संध्याकाळी काय आहे जेवायला?

मी कळा येत असताना वेली बांधल्या आहेत. मला ते बघवत नव्हतं.

निवेस मात्र गोड बोलायची. एक तारखेला दुपारी माझ्यासोबत चेस्टनट चिरायला बसली.

"सिन्योरा सेकोंदिना, किती सुंदर पलंग आहे तो. पण एवढा मोठा, हा हरवून जाईल म्हणून मी हात धरून ठेवते."

"लहान आहे का तो?"

"लहानच!" ती हसली. "एकतीस वर्षं झाली, माझा हात धरल्याशिवाय झोपच लागत नाही त्याला."

माझी सुरी घसरली. बोट कापलं. ती धावत जाऊन पट्टी घेऊन आली, फुंकर घालून बांधून दिली.

मी आभार मानले नाहीत.

रात्रीच्या जेवणाला मी त्यांना सांगितलं. मी सांगितलं होतं, हे लक्षात ठेवा. म्हटलं, "उद्या पहाटे पाचला घंटा होईल. तुम्ही दोघांनी पलंग सोडायचा आणि आमच्यासोबत बाहेर पडायचं. परतीच्या घंटेपर्यंत घरात जिवंत माणूस थांबत नाही."

"आई!" ओर्नेल्लाने टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. "पाहुण्यांना घाबरवू नका हो."

रायमोंदोने ग्लास वर धरला. "पहाटे पाचला? सुट्टीत? सिन्योरा, त्यापेक्षा मेलेलं बरं!"

सगळे हसले.

"उठू या ना," निवेस हळूच म्हणाली. "त्यांची रीत आहे."

"अहो सिन्योरा, तुमच्या मेलेल्यांना सांगा, आम्ही बारीक आहोत, मावतील तेही," तो म्हणाला आणि स्वतःच्या पोटावर थाप मारली.

मी माझं ताट उचललं.

पहाटे पाच. घंटा झाली.

मी उठले, माझा पलंग तयार केला, काळे कपडे घातले. खालच्या स्वयंपाकघरात ओत्ताविओ बूट घालत होता. मी जिना चढून वर गेले. पाहुण्यांना उठवायला. खरंच उठवायलाच गेले होते.

दाराशी उभी राहिले. हात उचलला.

आतून दोघांचे श्वास ऐकू येत होते. मग तो झोपेत काहीतरी पुटपुटला. ती म्हणाली, "आहे मी, आहे, झोप."

तेवढ्यात माझ्या मागे... वेत करकरला.

मी वळले.

लॅव्हेंडरची कुंडी खाली जमिनीवर होती. नीट उचलून ठेवल्यासारखी. खुर्चीचं तोंड खोलीच्या दाराकडे. आणि बैठकीचा वेत खाली दबलेला...

खुर्चीवर कोणी नव्हतं.

माझ्या डोळ्यांदेखत तो वेत सावकाश वर आला. कोणीतरी उठावं तसा.

तुम्ही ओरडला असता. मी ओरडले नाही. अठरा वर्षं जिच्याशी भांडतेय तिला काय घाबरायचं? माझ्या मनात एकच आलं. पलंग भरलेला आहे. आज हिला उशी नाही, आणि कुंडी ठेवून ठेवून खुर्चीही परकी झालीय. आता कुठे जाशील, बाई? औगुस्तोची एक वर्ष झोप मोडली तर मोडू दे. सुनेलाही जरा कळू दे, रिकामं कशाला म्हणतात ते.

आणि खरं सांगायचं ठरवलंय तर हेही सांगते. ती धरलेल्या हातांची जोडी मला डोळ्यांसमोर दिसत होती.

मी दार वाजवलं नाही.

हे मी फादरनाही सांगितलेलं नाही.

खाली आले. ओर्नेल्लाने विचारलं, "उठले का ते?"

"झोपू दे त्यांना," मी म्हटलं. "सुट्टीवर आहेत."

मिस्सा झाली. दफनभूमीत आमच्या थडग्यापाशी गेलो. तिथे दगडावर दोन फोटो आहेत, औगुस्तोचा आणि तिचा. खाली एक कप्पा मोकळा आहे, तो माझा. म्हणजे तिथेही मी खालीच. मी दरवर्षी एक मेणबत्ती लावते, औगुस्तोपुढे. ओर्नेल्लाने त्या दिवशी आर्मिदापुढेही लावली.

"बिचारी," म्हणाली. "किती तरुण होती."

तरुण मेलं की सगळेच सुंदर दिसतात. म्हातारं होऊन दाखवायला पाहिजे होतं तिने.

साडेदहाला परतीची घंटा झाली. धुक्यातून आम्ही घरी आलो. मी दार वाजवलं. एक. दोन. तीन.

दरवर्षी त्यानंतर काही नसतं.

या वेळी... वरून उत्तर आलं.

टक. टक. टक.

लाकडावर बोटाची हाडं वाजवल्यासारखं.

औगुस्तो शेवटच्या आजारात तसा बोलवायचा मला. आवाज गेला होता त्याचा. पलंगाच्या अक्रोडाच्या फळीवर तीनदा बोटं वाजवायचा, की मी पाणी घेऊन धावायचे.

"उठलेत वाटतं," ओर्नेल्ला म्हणाली आणि दार उघडून आत गेली.

स्वयंपाकघरात निवेस होती.

थंड चुलीपुढे जमिनीवर बसलेली. अनवाणी. नुसत्या झोपायच्या कपड्यांत. उजवा हात डाव्या हाताने घट्ट धरलेला. टेबलावरचं पाण्याचं भांडं रिकामं होतं, आणि चेस्टनटची साल दोन ढिगांत.

दरवर्षी एकच ढीग असतो.

"सिन्योरा," ती माझ्याकडे बघून म्हणाली, ओर्नेल्लाकडे नाही, "आमच्या पलंगात कोणीतरी आहे."

ओर्नेल्लाने तिच्या अंगावर स्वतःचा कोट घातला. "स्वप्न पडलं असेल हो तुम्हाला."

"घंटेनंतर मला जाग आली," निवेस सांगू लागली. "कोणीतरी कोपराने ढोसत होतं. हळूच. सरक म्हणावं तसं. मला वाटलं, हाच. मी सरकले. परत ढोसलं. परत सरकले. त्याचा हात माझ्या हातात होता, सिन्योरा, मी सोडला नव्हता..."

ती उजव्या हाताकडे बघत राहिली.

"मग कोणीतरी माझी बोटं सोडवायला लागलं. करंगळीपासून. एकेक. घाई नाही, जोर नाही. आपली वस्तू लहान पोराच्या मुठीतून काढून घ्यावी तसं. पाचवं बोट सुटलं आणि मी खाली पडले."

"आणि तुमचे मिस्टर?" ओत्ताविओने विचारलं.

"जागा होता. हसत होता. मी हाक मारली तर माझ्याकडे बघून म्हणाला..."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, बाई, हळू बोला. माझी बायको झोपलीये."

मी जिना चढले. मागे ओत्ताविओ, मागे ओर्नेल्ला. वेताची खुर्ची दाराकडे पाठ करून भिंतीला लावलेली होती. काम संपलं की लावतात तशी.

खोलीत रायमोंदो कुशीवर पडलेला होता. पलंगाच्या मध्याकडे तोंड करून. चारांपैकी दोन उशा मधोमध, एकमेकींना चिकटलेल्या. एका उशीवर त्याचं डोकं.

दुसऱ्या उशीवर... नुसता खळगा.

त्याचा हात कशावर तरी ठेवलेला होता. चादरीपासून वीतभर वर. हवेत. आणि तो हात श्वासासोबत हलत होता, वर, खाली. त्याच्या श्वासासोबत नाही.

त्याने डोळे वर केले. माझ्याकडे बघितलं. आणि आमच्या टेकडीच्या बोलीत बोलला. बेर्गामोच्या माणसाने ती बोली जन्मात ऐकलेली नसेल.

"दीना," म्हणाला. "काटक्या काढल्यास. बरं केलंस. सतरा वर्षं तिने बसून काढली."

ओत्ताविओच्या हातातली टोपी पडली. बापाचा आवाज पोराला कळतो.

"आता खाली जा," तो म्हणाला. "चूल पेटव. आणि जाताना दार लाव."

लोक म्हणतात सेकोंदिनाची जीभ म्हणजे छाटणीची कात्री. त्या दिवशी मी दाराची कडी धरली.

मी दार लावलं.

एक्केचाळीस वर्षांची सवय. सांगितलं की लावायचं.

जिन्यात ओर्नेल्लाने हळूच विचारलं, "आई, काटक्या कसल्या?"

"चुलीच्या," मी म्हटलं.

परतीची घंटा कधीच होऊन गेली होती. औगुस्तो आणि आर्मिदा जायला हवे होते. गेले नाहीत. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. आम्ही चौघं चुलीपाशी बसलो, वर बघत. वरून मधूनमधून हसल्यासारखा आवाज यायचा. बाईचा.

त्या घरात मी तो आवाज पहिल्यांदा ऐकला. मला तर औगुस्तोने कधी हसवलं नाही.

बाराची घंटा झाली आणि रायमोंदो खाली आला. दाढी केलेला, शर्टाची बटणं नीट लावलेली. त्याच्या नेहमीच्या बोलीत म्हणाला, "मस्त झोप झाली. कॉफी मिळेल का?"

निवेस धावली. त्याच्या गळ्यात पडली.

तो थोडा मागे सरला. सभ्य माणसासारखा. दोन्ही हातांनी तिला हळूच दूर केलं. "माफ करा, सिन्योरा. आपली ओळख?"

तिला वाटलं, थट्टा. नंतर वाटलं, झोप उतरली नाही. तिने अंगठी दाखवली. फोनमधले फोटो दाखवले. लग्नातले, मुलींचे, समुद्रावरचे. तो एकेक फोटो नीट बघत होता.

"छान आहेत," म्हणाला. "तुमचे मिस्टर अगदी माझ्यासारखे दिसतात हो."

ओर्नेल्ला तोंडावर हात घेऊन बाहेर गेली.

आल्बाच्या डॉक्टरांनी तपासलं. डोक्याचे फोटो काढले. काही नाही. त्याला मुलींची नावं आठवत होती, दवाखान्याचा पत्ता आठवत होता, कोणाच्या दाढेत काय भरलं तेही आठवत होतं. नुसती ती एक बाई पुसली गेली होती. पाटीवरचा एक शब्द ओल्या बोटाने पुसावा तशी.

जाताना गाडी निवेसने चालवली. तो मागच्या सीटवर बसला. परक्या बाईशेजारी बसणं बरं दिसत नाही म्हणून.

तिने खिडकीची काच खाली केली. मला म्हणाली, "सिन्योरा, तुम्ही सांगितलं होतंत. आम्हीच ऐकलं नाही. माफ करा."

माझ्या बोटावर अजून तिने बांधलेली पट्टी होती.

ईस्टरला तिचं पत्र आलं. लिहिलं होतं, तो अजून तिला 'आपण' म्हणतो. स्वभावाने फार चांगला आहे, दार धरतो, खुर्ची ओढून देतो. झोपतो पलंगाच्या पार डाव्या कडेला. मध्ये जागा सोडून. तिने एकदा तिथे हात ठेवला तर म्हणाला, "तिथे नको, सिन्योरा. ती जागा घेतलेली आहे."

ते पत्र मी दोनदा वाचलं आणि चुलीत टाकलं.

त्या वर्षीपासून मी पलंगावर काटक्या परत घालते. नुसत्या मेलेल्यांच्या दिवशी नाही, रोज. रोज सकाळी बघते तर काटक्या माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर, मोळी बांधून ठेवलेल्या. चुलीत घालायला सोप्या अशा. आणि वर पलंगावर दोन उशा मधोमध. मी दुसरी उशी ठेवत नाही, कपाटाला कुलूप लावते. तरी दोन.

ते दोघं त्या दिवशी गेलेच नाहीत.

हे तरी मी सोसलं असतं. पण गेल्या महिन्यात...

मी पहाटे जागी झाले. वेत करकरला.

ती वेताची खुर्ची माझ्या पलंगाला लागून होती. यात काय, म्हणाल, तिने आणून ठेवली. पण खुर्चीचं तोंड माझ्याकडे नव्हतं. दाराकडे होतं. वर जायच्या जिन्याकडे. बैठकीवर एक घडी घातलेली काळी शाल होती, माझीच. बसणाऱ्याला थंडी वाजू नये म्हणून ठेवतात तशी.

कोणी ती खुर्ची माझ्यासाठी तयार करून ठेवलीय, ते मला कळलं. ती कधी लागेल तेवढं मला ठाऊक नाही. डॉक्टर म्हणतो, हृदय थकलंय. मी रोज खुर्ची वर नेऊन ठेवते. रोज सकाळी ती परत खाली असते. शाल रोज नव्याने घडी घातलेली.

आज दुपारी आम्ही दोघी चेस्टनट चिरत बसलो होतो. उद्या मेलेल्यांचा दिवस. ओर्नेल्ला आता हसत नाही फारशी. सुरी खाली ठेवून म्हणाली, "आई, तो पलंग जाळून टाकू या का?"

"मग ती दोघं झोपतील कुठे? माझ्या उरावर?"

"मग काय करायचं? मला खरंच माहीत नव्हतं हो."

"माहीत नव्हतं ते ठीक. विचारलं का नाहीस?"

ती रडायला लागली. मी तिला रडू दिलं. चेस्टनट संपले तेव्हा हात पुसले आणि तिला जे सांगायचं होतं ते सांगितलं, ओत्ताविओसमोर, मोठ्याने, म्हणजे वरच्यांनाही ऐकू जावं:

"ओर्नेल्ला, तिला उशी तू दिलीस, माझी. मी मेले की त्या खुर्चीत बसणार नाही. दुसऱ्यांचा संसार बघत बसायला मी आर्मिदा नाही. मेलेल्यांच्या सकाळी मी तुमच्या खोलीत येईन. गादी नवीन आहे ना? तूच म्हणाली होतीस. पाचच्या घंटेला उठलीस तर उठलीस. नाही उठलीस तर मी सरकवेन, आणि माझं कोपर तिच्यासारखं मऊ नाही. मग सकाळी विचार तुझ्या नवऱ्याला, तू कोण ते."